जमीन कोणत्या अटीवर मिळाली, हे आधी पाहावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत तेथील पहिल्या इंग्रज वसाहतींवरील लेखमाला सुरू झाली आहे. मराठीत हा विषय इतक्या विस्ताराने क्वचितच येतो, म्हणून आतापर्यंतचे दोन्ही भाग मी बारकाईने वाचले. सनावळ्या बिनचूक आहेत, नावेही नीट दिली आहेत. खटकले ते त्यांतून काढलेले अनुमान. उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्सला गेलेले लोक श्रद्धाळू, कष्टाळू आणि विद्याप्रेमी होते म्हणून तेथे शाळा आणि गावसभा उभ्या राहिल्या. दक्षिणेकडे व्हर्जिनियाला गेलेले लोक चैनी आणि लोभी होते म्हणून तेथे मळे आणि गुलामगिरी आली, असा त्या लेखांचा एकूण सूर आहे. लोकांच्या स्वभावावरून समाजाची घडण सांगण्याची ही रीत सीमाभागात राहणाऱ्याला चांगलीच परिचयाची आहे. ‘आमची माणसे अशी आणि त्यांची तशी’ हे आम्ही दोन्ही बाजूंनी ऐकत मोठे झालो आहोत. त्यामुळेच कदाचित ती मला अधिक टोचली असेल. पण तो भाग सोडला, तरी इतिहासाच्या कसोटीवरही हे अनुमान टिकत नाही, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

दोन्हीकडची माणसे एकाच देशातून, जेमतेम एका पिढीच्या अंतराने, एकाच राजघराण्याच्या सनदा घेऊन निघाली होती. त्यांची भाषा एक होती, कायद्याच्या कल्पना एक होत्या आणि नफ्याची ओढही कुणाला कमी नव्हती. वेगळे होते ते एवढेच : जहाजातून एकटे पुरुष उतरले की कुटुंबे उतरली, उतरल्यावर किती जण जगले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जमीन कुणाला आणि कोणत्या अटीवर मिळाली. हा शेवटचा मुद्दा लेखमालेत जवळजवळ आलेलाच नाही.

व्हर्जिनियापासून सुरुवात करतो. १६०६ च्या सनदेने लंडनमधील भागधारकांची एक कंपनी स्थापन झाली आणि १६०७ च्या मे महिन्यात १०४ पुरुष व मुलगे जेम्सटाउनला उतरले. त्यांत स्त्री एकही नव्हती. जागा दलदलीची, नदीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होणारे. पुढच्या जानेवारीपर्यंत त्यांतले ३८ जण उरले होते. नंतर आणखी माणसे आली, पण १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने अशी दैना केली की वसंतात साठेक माणसे कशीबशी जिवंत होती. सुरुवातीला जमीन सगळी कंपनीची, पीक कंपनीच्या कोठारात आणि माणसे कंपनीची नोकर, असा कारभार होता. कुणी मनापासून कुदळ हाती धरीत नव्हते. १६१४ च्या सुमारास तीन तीन एकरांचे तुकडे स्वतंत्रपणे कसायला दिले, तेव्हा त्याच आळशी ठरवलेल्या माणसांनी पुरेसे धान्य पिकवले. ‘स्वभावा’चा निकाल खरे तर एवढ्यावरच लागायला हवा होता.

याच सुमारास जॉन रॉल्फ याने वेस्ट इंडीजकडील गोड्या जातीच्या तंबाखूचे बी आणून लावले. १६१७ मध्ये सुमारे वीस हजार पौंड वजनाची तंबाखू इंग्लंडला गेली आणि बघता बघता जेम्सटाउनच्या रस्त्यांवरसुद्धा तंबाखू लावण्यापर्यंत मजल गेली. लेखकाने येथे ‘तंबाखूने दक्षिणेचा समाज घडवला’ असे एक ठळक वाक्य टाकले आहे. मी निपाणीचा आहे, त्यामुळे या वाक्यापाशी थांबणे मला भाग आहे.

तंबाखू हे किती हात मागणारे पीक आहे, ते आमच्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. आधी रोपे तयार करायची, पाऊस पाहून ती लावायची, जगली नाहीत तेथे पुन्हा लावायची. मग कोळपणी. कळी धरायच्या आत प्रत्येक झाडाचा शेंडा खुडायचा, म्हणजे पानात जोर उतरतो. शेंडा खुडला की पानांच्या बेचक्यांतून फुटवे येऊ लागतात, ते आठवड्या-आठवड्याने वाकून हाताने काढायचे आणि त्या चिकाने बोटे अशी काळी-चिकट होतात की साबणालाही दाद देत नाहीत. पुढे कापणी, वाळवण, उलटापालट, अवकाळी पावसाची धास्ती, आणि माल वखारीत पोचला तरी भाव हातात पडेपर्यंत जिवाला घोर. व्हर्जिनियातही कामाचा हाच क्रम होता. फरक इतकाच की पाने तेथे छपराखाली टांगून वाळवत आणि मोठ्या लाकडी पिंपांत ठासून जहाजावर चढवत. एका माणसाला दोन-तीन एकरांपेक्षा जास्त तंबाखू सांभाळता येत नसे. भावाची रडकथाही तीच : १६३० च्या आगेमागे पौंडाला एका पेनीपर्यंत भाव घसरला होता.

पीक तेच, राबणे तेच, भावाचा फासही तोच. मग निपाणी भागात दोन-दोन हजार एकरांचे मळे आणि त्यांवर पिढीजात गुलाम असा समाज का उभा राहिला नाही? आमच्याकडे पिळवणूक नव्हती, असे कुणी म्हणणार नाही. वखारींत आणि विडी कारखान्यांत बायकांनी सोसलेले हाल, व्यापाऱ्यांच्या हातातले भाव आणि १९८१ च्या आंदोलनात तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला गोळीबार हे सगळे ताजे आहे. पण ते आंदोलन भावासाठी होते आणि करणारे स्वतः शेतकरी होते, कारण मुंबई इलाख्याच्या रयतवारीत या भागातली बरीच जमीन लहान लहान खातेदारांच्या नावावर लागली होती आणि पुढे कूळ कायद्यांनी त्यांत आणखी भर घातली. सत्ता वखारीत एकवटली, शिवारात नाही. म्हणजे तंबाखू समाज घडवते हे अर्धेच सत्य झाले. ती कुणाच्या नावावरच्या रानात आणि कुणाच्या हाताने पिकते, ते पाहिल्याशिवाय उरलेले अर्धे कळत नाही.

व्हर्जिनियात ते असे ठरले. माणसे मिळेनात म्हणून १६१८ मध्ये कंपनीने नियम केला, की जो कुणी स्वतःच्या खर्चाने एक माणूस वसाहतीत आणील त्याला त्या माणसाच्या डोक्यामागे पन्नास एकर जमीन मिळेल. शब्द नीट पाहावेत : जमीन येणाऱ्याला नाही, आणणाऱ्याला. ज्याच्यापाशी भाड्याचे पैसे होते त्याने दहा माणसे आणली, पाचशे एकर मिळवले, त्या दहा जणांकडून तंबाखू पिकवून घेतली आणि त्या पैशांत आणखी वीस आणली. आलेली माणसे बहुतेक गरीब तरुण, चार ते सात वर्षांच्या कराराने बांधलेली. आपल्याकडे ज्याला गिरमीट म्हणत त्याच जातीचा हा करार. सतराव्या शतकात व्हर्जिनिया-मेरीलँडलगतच्या चेसापीक उपसागराच्या काठी आलेल्या इंग्रजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश असेच आले. हिवताप आणि विषमज्वराने त्यांतले कितीतरी मुदत संपण्याआधीच मेले. मेलेल्याच्या डोक्यामागची पन्नास एकर मात्र मालकाकडेच राहिली. बायकांची संख्या पुरुषांच्या मानाने फार थोडी, लग्ने उशिरा, आईबाप दोघेही हयात असलेले मूल विरळ. कंपनी १६२४ मध्ये बुडाली आणि वसाहत राजाच्या ताब्यात गेली, पण डोक्यामागे जमीन देण्याचा नियम राजानेही चालूच ठेवला.

त्यात जमिनीचा आणखी एक स्वभाव भर घालीत होता. तीन-चार पिकांत तंबाखू रान खाऊन टाकी आणि मग ते वीस वीस वर्षे पडीक ठेवावे लागे, म्हणून प्रत्येकाला नवी जमीन हवीच असे. नद्या खोल, जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागे. त्यामुळे बाजारपेठेचे गाव वसण्याचे कारणच उरले नाही. शेजारी दोन-तीन मैलांवर, मुले थोडी, वस्ती विखुरलेली, अशा मुलखात शाळा कोण आणि कुठे बांधणार? गव्हर्नर विल्यम बर्कली याने १६७१ मध्ये लंडनला कळवले, की आमच्याकडे मोफत शाळा नाहीत आणि छापखाना नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. हे वाक्य लेखात आले आहे आणि ते दक्षिणी वृत्तीचा नमुना म्हणून आले आहे. मला ते जमीनदारांच्या राज्यातील एका अधिकाऱ्याचे प्रांजळ वाक्य वाटते.

आता मॅसॅच्युसेट्स. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला आलेल्या १०२ प्रवाशांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले, हे सर्वांना माहीत असते; पण त्या भागाची खरी घडण १६३० नंतरची. ही वसाहतही एका कंपनीचीच; तिला मिळालेल्या १६२९ च्या सनदेत कंपनीच्या सभा इंग्लंडमध्येच भरल्या पाहिजेत असे कलम घालायचे राहून गेले होते, त्याचा फायदा घेऊन वसाहतीचा पुढारी जॉन विन्थ्रॉप आणि त्याचे सहकारी सनद पेटीत घालून घेऊनच निघाले. लंडनच्या भागधारकांना उत्तर देण्याची गरज उरली नाही. कंपनीची सभा हीच वसाहतीची सभा झाली. पुढच्या दहा वर्षांत न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींना, वीस हजारांच्या आसपास माणसे आली, ती बहुतेक नवरा, बायको, मुले आणि एखादा गडी अशा घरांनी, आणि बरीचशी स्वतःच्या पैशाने. थंड हवेत हिवताप नव्हता. विशी ओलांडलेला माणूस साठी-सत्तरी सहज पाहत असे, तर चेसापीककाठी तोच चाळिशीत थकून जाई. नातवंडांना आजोबा असणे ही येथे साधी गोष्ट होती. व्हर्जिनियात ती दुर्मिळ होती. घराणी, वारसा, शाळा, पंचमंडळी या सर्वांच्या मुळाशी ही जगण्याची शाश्वती आहे, तिचा लेखात उल्लेखही नाही.

जमीन येथे डोक्यामागे नव्हे तर गावाला मिळे. वसाहतीची सभा काही कुटुंबांच्या गटाला मोठा पट्टा तोडून देई आणि गाव तो आपसांत वाटून घेई. बोस्टनजवळचे डेडहॅम १६३६ मध्ये वसले, तेव्हा विवाहित पुरुषाला बारा एकर आणि अविवाहिताला आठ एकर असे पहिले वाटप झाले. उरलेले प्रचंड क्षेत्र गावाने राखून ठेवले आणि पुढे अनेक वर्षे पुरवून पुरवून वाटले. मधोमध प्रार्थनागृह, शेजारी गायरान, भोवती घरे. सर्वांना सारखे मिळाले असे नाही, पत पाहून कमीजास्त मिळेच. पण गरीब कुटुंबालाही काही मिळे आणि बाहेरून मजूर आणून कुणाची जमीन वाढत नसे. नव्या माणसाला गावात घ्यायचे की नाही, हेही गावच ठरवी. १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा नेमला पाहिजे आणि शंभर घरांच्या गावाने लॅटिन शिकवणारी व्याकरणशाळा चालवली पाहिजे, असे ठरले. बायबल प्रत्येकाला वाचता आले पाहिजे, ही धर्माची ओढ त्यामागे निश्चित होती. परंतु पन्नास घरे हाकेच्या अंतरावर असतील तरच असा कायदा कागदावरून शिवारात उतरतो, हेही तितकेच निश्चित.

शिवाय लेखात रंगवली आहेत तेवढी ही मंडळी सात्त्विकही नव्हती. रॉजर विल्यम्स आणि अ‍ॅन हचिन्सन यांना धार्मिक मतभेदासाठी हद्दपार केले गेले, १६५९ ते १६६१ या काळात क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना बोस्टनमध्ये फाशी दिली गेली. गुलामीला कायद्यात जागा देणारी तरतूद मॅसॅच्युसेट्सने १६४१ मध्येच केली होती. खडकाळ रानात विकण्याजोगे पीक येत नव्हते, म्हणून तेथील लोक मासे, लाकूड आणि घोडे वेस्ट इंडीजच्या साखर-बेटांना विकून जगत, आणि ती बेटे गुलामांच्या कष्टांवर चालत होती. स्वतःच्या रानात गुलाम फारसे लागत नव्हते, इतकाच फरक.

तरीही कुणी म्हणेल, की मॅसॅच्युसेट्सवाल्यांच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट, पंथाचा म्हणून काही प्रभाव असेलच. त्याची परीक्षा इतिहासाने स्वतःच घेऊन ठेवली आहे आणि आश्चर्य म्हणजे तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. विन्थ्रॉप मॅसॅच्युसेट्सला निघाला त्याच १६३० साली प्युरिटन पुढाऱ्यांच्याच दुसऱ्या एका कंपनीने निकाराग्वाच्या किनाऱ्यासमोरील प्रॉव्हिडन्स नावाच्या बेटावर वसाहत बसवली. तोच पंथ, तीच प्रार्थना, भांडवल घालणारे त्याच वर्तुळातले बडे लोक. मात्र येथे कंपनीने जमीन कुणाच्या नावावर केली नाही; वसाहतकरी कंपनीचे कूळ आणि निम्मे उत्पन्न कंपनीचे, असा करार होता. हवा उष्ण, पिके तंबाखू आणि कापूस. दहा वर्षांच्या आत त्या बेटावर इंग्रजांच्या बरोबरीने गुलाम झाले आणि १६३८ मध्ये इंग्रज वसाहतींतला गुलामांचा पहिला उठाव तेथेच झाला. १६४१ मध्ये स्पेनने बेट जिंकून घेतले आणि विषय संपला. ज्या पंथाने बोस्टनजवळ महाविद्यालय काढले त्याच पंथाने या बेटावर गुलामांचा तांडा उभा केला, ही गोष्ट लेखमालेच्या पुढील भागात यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

व्हर्जिनियातही गुलामगिरी पहिल्या दिवशी ठरलेली नव्हती. १६१९ मध्ये वीसेक आफ्रिकी माणसे जहाजातून उतरवली गेली, त्याच वर्षी तेथे पहिली प्रतिनिधिसभाही भरली. पण त्यानंतर पन्नासएक वर्षे मळ्यांवर राबणारे बहुसंख्य लोक इंग्रज करारबद्धच होते. मुदत संपलेल्या अशा गड्यांना चांगली जमीन उरली नाही आणि हातात बंदुका मात्र होत्या. १६७६ मध्ये नथॅनियल बेकन या मळेवाल्याच्या मागे ते उठले आणि त्यांनी जेम्सटाउन जाळले. दुसरीकडे इंग्लंडमध्ये मजुरी वाढू लागली, गरीब तरुण येईनासे झाले आणि आफ्रिकेतून माणसे आणणाऱ्या व्यापाऱ्यांची जहाजे वाढली. मालकांनी मग असा मजूर पसंत केला ज्याची मुदत कधी संपतच नाही. मूल आईच्या दर्जाचे, म्हणजे गुलाम आईचे मूल गुलाम, हा कायदा १६६२ मध्येच झाला होता. १७०५ मध्ये सगळे नियम एकत्र करून पक्के केले गेले. एका कायद्यामागून दुसरा कायदा, असे हे चाळीस वर्षे चालले होते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केला, त्यांनी त्याआधीच मोडलेली व्यवस्था या कायद्यांनी बांधली होती.

दक्षिण कॅरोलिनाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे फार गुंतागुंत नाही. १६७० मध्ये वसलेल्या चार्ल्स टाउनला सुरुवातीपासूनच बार्बाडोस बेटावरील मळेवाले आले, येताना गुलाम घेऊन आले, त्यांच्या डोक्यामागेही जमीन मिळाली आणि बार्बाडोसचा गुलामांविषयीचा कायदा जवळपास जसाच्या तसा उचलला गेला. भाताची शेती सुरू झाल्यावर १७०८ च्या सुमारास तेथे गोऱ्यांपेक्षा काळ्यांची संख्या जास्त झाली.

माझ्या म्हणण्याला अडचणीत आणणारे उदाहरण जॉर्जियाचे आहे आणि ते लपवणे योग्य होणार नाही. १७३२ च्या सनदेने स्थापन झालेल्या या वसाहतीच्या विश्वस्तांनी शेजारच्या कॅरोलिनाकडे पाहूनच नियम केले होते. धर्मादाय खर्चाने आलेल्या कुटुंबाला पन्नास एकर, स्वखर्चाने येणाऱ्यालाही पाचशे एकरांची कमाल मर्यादा, जमीन विकायची नाही आणि १७३५ पासून गुलाम ठेवायला बंदी. अटींवरच सर्व ठरते असे असेल तर येथे लहान शेतकऱ्यांचा समाज उभा राहायला हवा होता. प्रत्यक्षात पाच-सहा वर्षांतच सव्हाना शहरातले लोक गुलाम आणू द्या म्हणून अर्ज करू लागले. डॅरियन येथील स्कॉटिश डोंगरी वसाहतकऱ्यांनी आणि एबेनेझर येथील जर्मन भाषक साल्झबर्गवासीयांनी बंदीच्या बाजूने उलट अर्ज केले, पण १७५१ च्या आरंभी बंदी उठली आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळेपर्यंत तेथील जवळपास निम्मी लोकसंख्या गुलामांची होती. मला यातून एवढेच दिसते, की नदीपलीकडे गुलामांच्या बळावर शेजारी श्रीमंत होत असताना, लंडनमध्ये बसलेल्या विश्वस्तांनी लादलेल्या आणि वसाहतकऱ्यांना स्वतः बदलण्याचा हक्क नसलेल्या अटी टिकत नाहीत. डेडहॅमच्या अटी डेडहॅमच्याच सभेने घातल्या होत्या. हा फरक मोठा आहे; तरी जॉर्जियाने माझा दावा थोडा सैल केला आहे, हे मान्य करतो.

मधल्या वसाहतींनी तो पुन्हा आवळून दिला. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया शेजारी शेजारी. हवा सारखी, पीक दोन्हीकडे गहू. न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांचे होते. हडसन नदीकाठी त्यांच्या वेळेपासून मोठ्या जहागिरी होत्या आणि इंग्रजांनी त्यांत भरच घातली. एकट्या लिव्हिंग्स्टन घराण्याची जहागीर एक लाख साठ हजार एकरांची होती. तेथे शेतकऱ्याला जमीन विकत मिळत नसे, खंडाने मिळे. पेनसिल्व्हेनियाची सनद १६८१ मध्ये विल्यम पेन या क्वेकराला राजाने त्याच्या वडिलांच्या कर्जाच्या बदल्यात दिली. पेन काही साधू नव्हता, त्याला जमीन विकून पैसा उभा करायचा होता. पण तो ती उघडपणे विकत होता आणि मुदत संपलेल्या गड्यालाही स्वतःची पन्नास एकर मिळण्याची सोय त्याने ठेवली होती. निकाल पाहावा. १७१० मध्ये जर्मनीच्या पॅलॅटिनेट प्रांतातील निर्वासितांना जहाजांसाठी डांबर तयार करण्याच्या कामावर हडसनकाठी आणले गेले. दोन वर्षांत ती योजना फसली, आणि जमिनीसाठी वणवण करीत त्यांतली काही कुटुंबे १७२३ मध्ये थेट पेनसिल्व्हेनियातील तुल्पेहॉकनच्या खोऱ्यात जाऊन स्थायिक झाली. पुढच्या जर्मनांनी न्यूयॉर्कचे नाव टाकले. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेनसिल्व्हेनियात दर तीन माणसांमागे जवळपास एक जर्मन होता.

यावर पेनसिल्व्हेनियाचा पुढारी बेंजामिन फ्रँकलिन चिडला होता, हे आमच्या बेळगावकडच्या वाचकांना सांगितलेच पाहिजे. १७५३ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली, की आमच्या रस्त्यांवरच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात आणि काही ठिकाणी तर नुसत्या जर्मनमध्ये. हाच फ्रँकलिन १७३२ मध्ये जर्मन भाषेतले वृत्तपत्र काढून बसला होता आणि ते चालले नाही. पाट्यांवरून डोकी तापणे आमच्या जिल्ह्यापुरते नाही, एवढा दिलासा त्यातून घ्यायला हरकत नसावी. सीमेचेही तसेच : पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्या सनदांतील हद्दी एकमेकींवर चढल्या होत्या, त्यावरून १७३० च्या दशकात हाणामाऱ्या झाल्या आणि मेसन व डिक्सन या दोन मोजणीदारांनी ती रेषा आखून संपवली तेव्हा १७६७ साल उजाडले होते. गुलामगिरी असलेला आणि नसलेला मुलूख वेगळा करणारी रेषा म्हणून ती पुढे ओळखली गेली, पण आखताना ती केवळ दोन जहागीरदारांच्या बांधाची भांडणरेषा होती.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. या सर्व सनदांनी वाटलेली जमीन मोकळी नव्हती. प्लिमथ ज्या जागी वसले ते पॅटक्सेट हे तेथील मूळ रहिवाशांचे गाव १६१६ ते १६१९ च्या साथीत ओस पडले होते, म्हणून वसाहतकऱ्यांना साफ केलेली शेते आयती मिळाली. व्हर्जिनियात तेथील मूळच्या पॉव्हाटन लोकांनी १६२२ मध्ये चढाई केली ती तंबाखूची रानेच्या राने आपल्या शिवारात घुसू लागल्यावर. पेनने तेथील मूळच्या लेनापी लोकांकडून जमीन विकत घेतली, पण त्याच्याच मुलांनी १७३७ मध्ये चालत जाण्याच्या अंतराच्या एका लबाड मोजणीने त्यांचा मोठा मुलूख लाटला. लेखमालेत हे लोक फक्त ‘स्थानिक टोळ्यांचा उपद्रव’ या शब्दांत येतात. पुढील भागांत हा शब्दप्रयोग टाळावा, प्रत्येक वसाहतीच्या सनदेतील जमिनीच्या अटी एका चौकटीत द्याव्यात आणि शक्य झाल्यास चेसापीकच्या नद्यांचा व न्यू इंग्लंडमधील एखाद्या गावाचा नकाशा शेजारी शेजारी छापावा. माध्यमिक शाळेतील मुले ही पुरवणी कात्रणे काढून जपून ठेवतात, त्यांना या दोन नकाशांचा उपयोग होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
निपाणी, जि. बेळगाव